नमस्कार की पेज?

“माझं वय ६१. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, मिरजेत एकटीच असते. मुलगा मेलबर्नला. सून व्हिएतनामी, तिचं माहेर कान थो. चार महिन्यांनी तिचं बाळंतपण आहे. तेव्हा मी आणि तिची आई, दोघी दोन महिने एकाच घरात असू. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. लग्नात आम्ही दोघी नुसत्या हसत होतो आणि एकमेकींचे हात दाबत होतो, दुसरं काय करणार? म्हणून फोनवरच्या अ‍ॅपवरून व्हिएतनामी शिकायला घेतलं. रोज वहीत शब्द देवनागरीत उतरवते, दीडशेच्या वर झाले. एका पानाचा फोटो सोबत जोडलाय. सुनेला यातलं काही सांगितलेलं नाही, तिथे गेल्यावर चकित करायचंय. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सून जरा उठून गेली, तेवढ्यात धीर करून मी विहीणबाईंना ‘चाओ ची’ म्हटलं. त्या गोंधळल्या, आत गेल्या आणि एक पातेलं आणून मला दाखवायला लागल्या. माझं काय चुकलं? मिरजेत ही भाषा शिकवणारं कोणी मिळायचं नाही. एकटीने सराव करायचा तर कसा करू?”
— होऊ घातलेली आजी, मिरज

ताई,

पातेल्यात पेज असणार, पैज लावतो. तुम्हाला म्हणायचं होतं ‘चाओ’, म्हणजे नमस्कार. विहीणबाईंना ऐकू आलं दुसरं ‘चाओ’, म्हणजे तांदळाची पेज. देवनागरीत दोन्ही हुबेहूब एकच. व्हिएतनामी कानाला मात्र त्यांच्यात वाळू आणि बाळू इतका फरक. नमस्काराच्या ‘चाओ’त आवाज खाली उतरत जातो, पेजेच्या ‘चाओ’त वर चढतो. आपण कोणाला नमस्कार करताना, हाक मारताना आवाज आपसूक वर नेतो (“काय वहिनीऽ?”), आणि तिथेच नमस्काराची पेज होते.

मी नोकरीनिमित्त पाच वर्षं सायगावात होतो. शहराचं नाव १९७६ पासून हो ची मिन्ह, पण तिथली माणसं अजून सायगावच म्हणतात, म्हणून मीही. इमारतीच्या रखवालदाराला रोज सकाळी मी अगदी उत्साहाने ‘पेज, काका!’ म्हणायचो. दोन महिने त्याने ऐकून घेतलं. मग एक दिवस माझ्या सहकाऱ्याकरवी निरोप दिला की पेजेची गाडी सहालाच येऊन जाते, साहेबांना हवी असेल तर लवकर उठावं लागेल. तेव्हा तुमचं पातेलं म्हणजे काहीच नाही.

एकटीने शिकण्यातली खरी अडचण यातूनच कळते. शब्द कमी पडतात असं नाही, दीडशे पुष्कळ झाले. पण आपलं चुकतंय हे सांगणारं शेजारी कोणी नसतं. अ‍ॅपवर योग्य चित्राला बोट लावलं की हिरवी खूण येते, तुम्ही तोंडाने काय म्हणालात याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून पुढचे चार महिने नवे शब्द जमवण्यापेक्षा चूक पकडून देणाऱ्या दोन-तीन गोष्टी घरात लावून घ्या. बाकीचं त्यांच्यामागून येईल.

पहिलं म्हणजे ती देवनागरी वही बंद करा. मन दुखेल, अक्षर सुरेख आहे तुमचं, पण तुमच्या त्या एका पानावर मला ‘मा’ तीनदा दिसलं, आणि समोर अर्थ आई, पण आणि भूत. हनोईकडच्या बोलीत असे सहा ‘मा’ निघतात. तुम्ही ज्या दिवशी तो शब्द वहीत ‘मा’ असा लिहिता, त्या दिवशी त्यातला निम्मा शब्द खाली सांडतो. व्हिएतनामी लिपी रोमन आहे आणि तिच्यावरच्या खुणा म्हणजे आवाजाचं चित्रच. रेघ वर चढली की आवाज चढवायचा, खाली उतरली की उतरवायचा. खूण नसली की आवाज सपाट ठेवायचा. अक्षराखाली टिंब, आपल्या अनुस्वाराच्या उलट, तिथे आवाज तळाला टेकतो. हुकासारखी छोटी खूण किंवा नागमोडी रेघ असेल तर आवाज बुडी मारून वर येतो. विहीणबाईंच्या भागात या शेवटच्या दोन्हींचा उच्चार एकच करतात, म्हणजे तुमच्या वाट्याला सहाऐवजी पाचच सूर.

रोमन आहे म्हणून इंग्रजीसारखं मात्र वाचू नका. ही लिपी सतराव्या शतकात पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली घडली. फादर स्टीफन्सनी गोव्यात १६१६ साली मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलं, त्याच पठडीतलं हे काम. व्हिएतनामीचा पहिला छापील कोश १६५१ साली रोमला निघाला. तो करणारे अलेक्झांड्र द ऱ्होड तिकडे जाताना वाटेत गोव्यात राहिले होते. नोरोन्हा आडनावात ‘एन’पुढे ‘एच’ का येतो ते गोवेकरांना विचारा. पोर्तुगीजांचा तो ‘ञ’ आहे, आणि व्हिएतनामीतही तो तसाच लिहितात. तुम्ही मिरजेच्या, म्हणजे गोव्याची गाडी तुमच्या दारावरूनच जाते.

आता तुमच्या वहीतली दुसरी गोष्ट. वाडग्याला ‘बात’ लिहिलंय, आणि त्या लांब झग्याचा उच्चार ‘आओ झाय’. हे हनोईचं, उत्तरेचं. कान थो दक्षिणेला, मेकाँगच्या मुखाच्या प्रदेशात. तिथे वाडगा म्हणजे ‘चेन’ आणि झगा ‘आओ याय’. उत्तरेत जिथे ‘व’ ऐकू येतो तिथेही विहीणबाई ‘य’ म्हणतील, आणि शब्दाच्या शेवटचा ‘न’ त्यांच्याकडे बऱ्याचदा ‘ङ’ होतो. म्हणजे अ‍ॅपच्या भरवशावर तुम्ही कान थोच्या बाईंशी हनोईच्या बातमीदारासारख्या बोलणार. त्यांना समजेल, टीव्हीमुळे सवय असते. पण त्या काय बोलतात ते तुम्हाला समजायचं नाही. काही शब्द तर दगा देतात. ‘ऑम’ म्हणजे आजारी असं अ‍ॅप शिकवतं, दक्षिणेत ‘ऑम’ म्हणजे बारीक, हडकुळी. बाळंतिणीच्या आईला तुम्ही काळजीने विचारणार ‘मुलगी आजारी आहे का?’ आणि त्यांना ऐकू येणार की तुमच्या घरी पोरगी वाळली.

यासाठी तुम्हाला आवाज हवा तो घरातलाच. सुनेला चकित करायची हौस मला कळते, मोडायला सांगत नाही. पण लेकाला कटात घ्या. त्याने बायकोला सहज विचारावं, ‘हे तुमच्यात कसं म्हणतात गं?’ आणि तिचं उत्तर फोनवर टिपून तुम्हाला पाठवावं. आठवड्याला चार वाक्यं, प्रत्येक एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगात. सोळा आठवड्यांत चौसष्ट वाक्यं होतात. त्याखेरीज कान उघडा राहावा म्हणून दिवसातून दहा मिनिटं सायगावच्या एच टी व्ही वाहिनीवरचं काहीही मागे लावून ठेवा. कळलं नाही तरी चालेल, कांदा चिरताना तो आवाज घरात असू दे.

पहिलं वाक्य मीच देतो. “ची अङ् कम चुअ?” ची म्हणजे ताई, अङ् म्हणजे खाणं, कम म्हणजे भात. चुअ म्हणजे ‘अजून नाही?’ थोडक्यात, ताई, जेवलात का? दक्षिणेत हे नुसतं विचारणं नाही, दारात भेटल्यावरचा नमस्कारच आहे. आपल्याकडे ‘झालं का जेवण?’ म्हणतात तस्सं. उत्तरही मराठीला जवळचं. ‘या रोय.’ म्हणजे हो, झालं. हा ‘रोय’ आपल्या ‘झालं’सारखा कुठेही चालतो. आंघोळ झाली, बाळ झोपलं, भांडी झाली, सगळीकडे शेवटी ‘रोय’.

याच वाक्यात मराठी माणसाचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. ‘ची’ तळाला, पण पुढचे तिन्ही शब्द सपाट, एका पातळीत. आपण प्रश्न विचारताना शेवट उचलतो. इथे शेवटचा ‘चुअ’ उचललात की तो दुसराच शब्द होतो, त्याचा अर्थ ‘साठवणं, आत मावणं’. प्रश्न आहे हे ‘चुअ’ हा शब्द स्वतःच सांगतो, आवाजाने सांगायची गरज नसते. ते सपाट ठेवणं किती अवघड जातं ते पाहा. पहिले आठ दिवस एवढं एकच वाक्य करा, कंटाळा आला तरी.

सूर वेगवेगळे काढायची सवय आपल्याला नाही असं वाटतं, पण ते खरं नाही. फोनवर आपण ‘हं’ किती तऱ्हांनी म्हणतो! ऐकतेय असा सपाट ‘हं’. ऐकू आलं नाही म्हणून चढवलेला ‘हं?’ थकून सोडलेला उतरता ‘हं…’ ‘अस्सं होय!’ या अर्थाचा, आधी बुडणारा मग वर येणारा ‘हंऽऽ’. आणि विषय संपवणारा, तळाला टेकलेला ‘हं.’ झाले तुमचे पाच सूर. सकाळी चहा उकळेस्तोवर हे पाच ‘हं’ ओळीने म्हणा, मग त्याच चालीवर ‘मा’, मग ‘चाओ’. शेजारणीला वाटेल तुम्ही एकट्याच फोनवर कोणाचं तरी गाऱ्हाणं ऐकताय. वाटू दे. फक्त भाव काढून टाका. आपल्या ‘हं’ला राग, शंका, कंटाळा चिकटलेला असतो, त्यांच्या सुराला तसं काही नसतं.

आता चूक पकडणारं यंत्र. फोनच्या कीबोर्डमध्ये व्हिएतनामी भाषा जोडून घ्या आणि माइकचं बटण दाबून बोला. पूर्ण वाक्य बोललात तर फोन संदर्भावरून सावरून घेतो, लाडक्या मास्तरासारखा. म्हणून एकेक शब्दच बोला. ‘चाओ’ दहा वेळा म्हणा आणि दहातले नमस्कार किती, पेज किती ते मोजा. मी हे केलं तेव्हा पहिल्या दिवशी तीन नमस्कार, सात पेज. यंत्रही चुकतं, त्याच्या निकालावर रडत बसू नका. पण दहातले सात-आठ नमस्कार सलग तीन दिवस आले तर समजा, गळ्याला वाट सापडली.

त्याच कीबोर्डवर टेलेक्स नावाची पद्धत निवडून हाताने टाइप करायलाही शिका. शब्द लिहायचा आणि शेवटी सुराचं अक्षर दाबायचं. उतरत्याला एफ, चढत्याला एस, टिंबाला जे. बोटाला सूर आठवावा लागतो, म्हणून डोक्यात राहतो. नमस्काराच्या अक्षरांपुढे एफ येतो. पेजेच्या पुढे एस दाबला की बटणांवर उमटणारी पाच अक्षरं इंग्रजीत ‘केऑस’ होतात, म्हणजे गोंधळ! हे मला कळल्यापासून मी तो सूर चुकलो नाही.

तिसरी गोष्ट, स्वतःचा आवाज. सुनेचं वाक्य ऐका, लगेच तेच म्हणा, दोन्ही टिपून ठेवा. पण लगेच ऐकू नका. म्हणताना जे मनात होतं तेच तेव्हा कानाला ऐकू येतं. सकाळी टिपलेलं संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐका. तोवर तो आवाज परका झालेला असतो आणि त्याच्यातलं उणं चटकन दिसतं, शेजारच्या मुलाच्या परवच्यातली चूक दिसते तसं. आवडणार नाही. मलाही माझा आवडला नव्हता.

उच्चारांत तुम्ही इंग्रजी शाळेतल्या पोरांच्या पुढे आहात, हे बिनदिक्कत माना. ‘तोय’ म्हणजे मी, ‘थोय’ म्हणजे पुरे, राहू दे. गोऱ्या लोकांची यात भंबेरी उडते. आपण तर लहानपणीच त, थ, द, ध घोकलेत. अडतं ते दोन जागी. एक, शेवटचं व्यंजन. ते म्हणतात खरं, पण सोडत नाहीत. ‘पटकन’ म्हणताना ‘ट’वर जीभ टाळूला लागते ना, तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. दुसरं, एक ‘ऊ’ असा आहे जो ओठ पुढे न काढता, हसऱ्या तोंडाने म्हणायचा. आरशासमोर उभं राहून करा. ‘पाणी’ या शब्दात तो आहे, म्हणजे टाळता यायचा नाही.

आणि खरी चैन आहे ती नात्यांत. व्हिएतनामीत ‘तू’ आणि ‘मी’ यांना सरसकट शब्द फारसे वापरत नाहीत, नात्यानेच बोलतात. इंग्रजीवाले इथे गटांगळ्या खातात, त्यांना सगळे अंकल आणि आंटी. तुम्हाला मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी हे शिकवावं लागत नाही. को म्हणजे आत्या, यी म्हणजे मावशी, कऊ मामा, चू धाकटा काका, बाक थोरला. परक्या भाजीवालीलाही वयाप्रमाणे यातलंच काहीतरी म्हणायचं. त्यासाठी समोरच्याचं वय विचारावं लागतं, ते उद्धटपणाचं धरत नाहीत. दक्षिणेची आणखी एक गंमत. थोरल्या अपत्याला ‘हाय’ म्हणतात, म्हणजे दोन! एक नंबर कोणालाच नाही. विहीणबाईंना माहेरी ‘बा’ म्हणजे तीन म्हणत असतील तर त्या दुसऱ्या. लेकाकडून काढून घ्या, पहिल्या संध्याकाळी विषयाला बरं पडेल. विहिणीला तिकडे शब्दही आहे, ‘सुय’. तुम्ही त्यांना ‘ची सुय’ म्हणा. ‘ची’ तळाला, ‘सुय’ सपाट. विहीणबाई!

कोणती चौसष्ट वाक्यं शिकायची ते अ‍ॅपला ठरवू देऊ नका. ‘सफरचंद लाल आहे’ हे तुम्ही दोन महिन्यांत एकदाही म्हणणार नाही. तुम्ही दोघी एका बाळंतिणीभोवती वावरणार आहात, तेवढंच जग धरा. दूध, लंगोट, मालिश, ताप, झोप, गरम पाणी, शी झाली का, मी घेते, तुम्ही जेवा. बोलायला विषय तर ढीगभर निघतील. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायचे, त्यांच्याकडेही खाटेखाली निखारे ठेवायची जुनी रीत होती. आता डॉक्टर दोन्हीकडे नको म्हणतात आणि मला खात्री आहे, दोन्हीकडच्या आज्या नाकं मुरडतात. आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांचा सोहळा महिना भरल्यावर. तुम्ही अळिवाचे लाडू न्याल, त्या दूध यावं म्हणून डुकराचे पाय आणि कच्च्या पपईचा रस्सा रांधतील. तुमच्या पुढ्यातही वाढतील, आग्रहाने. खात नसाल तर ‘तोय अङ् चय’, मी शाकाहारी. हे तिन्ही शब्द सपाट, आयतंच.

एक स्पष्ट सांगतो, नाहीतर तिथे गेल्यावर माझ्या नावाने बोटं मोडाल. चार महिन्यांच्या एकट्या सरावाने गप्पा मारता येत नाहीत. साठेक वाक्यं नीट म्हणता येतील आणि उत्तरातलं पावभर कळेल. खरी फजिती उत्तर आल्यावर होते. तुम्ही नीट विचारलंत की त्या समजणार बाईंना येतंय, आणि सुटणार भरधाव. म्हणून आधी हे पाठ करा, “ची नोय चम चम ञा.” ताई, जरा सावकाश बोला हं. शेवटचा ‘ञा’ म्हणजे आपला ‘हं’च. ‘खा हं’, ‘या हं’, ‘जपून हं’ तसा. तो लावला की वाक्य हुकमासारखं वाटत नाही. हाक मारायला ‘ची ओय!’, म्हणजे अहो ताई. आणि काही सांडलं, उतू गेलं की ‘चोय ओय!’, म्हणजे अगं बाई! हे तर तुम्ही त्यांच्याच तोंडून पहिल्या दिवशी उचलाल.

पुढच्या रविवारच्या कॉलला पुन्हा धीर करा. सून उठून जायची वाट बघा, हनुवटी जरा खाली घ्या आणि ‘चाओ’ उतरवत नेऊन ‘ची सुय’ म्हणा. पुन्हा पातेलं आलं तर हसा आणि लगेच विचारा, ‘ची अङ् कम चुअ?’ हातात पातेलं असताना तो प्रश्न शोभूनच दिसेल.

बाळाच्या तोंडी तुम्ही ‘बा नोय’ असाल, बापाची आई. त्या ‘बा ङ्वाय’, आईची आई. दोन्ही खालच्या सुरात. ‘ङ्वाय’साठी ‘वाङ्मय’ म्हणायला लागा, ‘ङ’वर थांबा, मग तिथूनच ‘वाय’ सोडा. हा शब्द आत्तापासून घोका, कारण बाळाला पहिल्यांदा ‘बघ, कोण आलं?’ असं तुम्हीच विचारणार, आणि उत्तरही तुम्हालाच द्यावं लागणार.